धोंड्याच्या वाणात मिळालेली होडी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय मिळतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. पुरणाचे धोंडे मिळतात, अनारसे मिळतात आणि सासऱ्यांच्या ऐपतीप्रमाणे चांदीची वाटी, अंगठी, गेलाबाजार सफारीचं कापड तरी मिळतंच. मला एक गंजलेली कडी मिळाली.

तीही अगदी साग्रसंगीत. सासऱ्यांच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई लावलेली. मी नवा झब्बा घालून, चेहऱ्यावर 'कशाला उगाच एवढं' असे भाव आणून बसलेलो. सासूबाईंनी ओवाळलं. मग सासऱ्यांनी तबक पुढे सरकवलं. त्यात हळदकुंकू लावलेली, अंगठ्याएवढी जाड, चहाच्या डागांसारखी तपकिरी पडलेली स्टीलची कडी.

"अहो, हे काय!" सासूबाई किंचाळल्याच. "मी चांदीचा पेला आणून ठेवलाय ना कपाटात!"

"पेलाही दे. पण आधी हे," सासरे म्हणाले. त्यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तो त्यांनी समोरच्या स्टुलावर असा ठेवला होता, की नमस्काराला वाकलो तर नमस्कार थेट प्लास्टरलाच व्हावा. "जावईबापू, होडी आजपासून तुमची."

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. तिला आधीच ठाऊक होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

ही होडी म्हणजे काय, ते सांगतो. सासरे मुंबईच्या गोदीत वर्कशॉपला होते. तिथल्या कुणा परदेशी साहेबानं मायदेशी जाताना आपली शिडाची होडी त्यांच्या गळ्यात घातली होती, आणि ती तेव्हाच जुनी होती. वीस-बावीस फुटांची, पांढऱ्या फायबरची, मधोमध उंच डोलकाठी. काठीला चारी बाजूंनी स्टीलच्या तारा ओढून धरलेल्या, त्या तारा ताणायला पेच, पेचांना कड्या, कड्यांना पट्ट्या. रिटायर होऊन वाशीला राहायला आल्यावर त्यांनी ती तिथल्या जुन्या गावच्या, खाडीवरच्या धक्क्याशेजारी आणून ठेवली. तळाला पायांसारखे दोन फाळ होते, त्यामुळे ओहोटीला ती चिखलात बदकासारखी बसून राहायची आणि उधाणाच्या मोठ्या भरतीला उठून तरंगायची.

दर हिवाळ्यात ते एकदा तरी घारापुरीच्या बेटाला वळसा घालून यायचे. बहुतेक वेळा एकटेच. सासूबाई मालवणच्या, पण समुद्र ताटात आलेला बरा अशा मताच्या. मेहुणे नागपूरला, त्यांच्या लेखी होडी म्हणजे भंगार. आमच्या हिला होडीत पाय ठेवला की मळमळतं. राहता राहिलो मी, आणि मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, आणि त्याबद्दलचं शिक्षण एवढंच, की आत पडू नये.

श्रावणात सासरे बाथरूममध्ये घसरले आणि पाय मोडला. मेहुण्यांनी एका फोनमध्ये ठरवून टाकलं, की दिवाळी झाली की आईबाबा नागपूरला. कायमचे. सासूबाईंना नातवंडांची ओढ, त्या लगेच राजी झाल्या. सासऱ्यांनीही वाद घातला नाही, 'बरं' म्हणाले. मग ॲटलास मागवून घेतला आणि पट्टी घेऊन नकाशा मोजत बसले. नागपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूला जवळ पडत नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली.

"दिवाळीच्या आत पाय सुटेल," अनारसे चावत असलेल्या मला ते म्हणाले. "मग घारापुरीला एक वळसा. तुम्ही आणि मी. तेवढा झाला की मी नागपूरला जायला मोकळा. पण त्याआधी तिच्या स्टीलवरचा गंज निघाला पाहिजे. नुसती चमक नको मला. गंजाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. काठी त्या तारांवर उभी असते, आणि आपण काठीखाली बसतो."

मी कडी उलटीसुलटी करून पाहिली. "बाबा, पण स्टेनलेस स्टील गंजत नाही ना?"

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "यांना अजून दोन अनारसे वाढ."

सूचना सोप्या होत्या. लोखंडी तारेची घासणी लावायची नाही. लिंबाचा रस लावून मऊ फडक्यानं चोळायचं. गोड्या पाण्यानं भरपूर धुवायचं. पुसून कोरडं करायचं आणि उघडं सोडायचं. पुढच्या महिनाभरात मी यातली एकेक सूचना मोडली, आणि दर वेळी मला प्रामाणिकपणे वाटत होतं की मी त्यात काहीतरी सुधारणा करतोय.

पहिल्याच रविवारी मी आमच्या मोरीतली तारेची घासणी खिशात घालून गेलो. फडक्यानं एका कडीला तासभर लागणार, आणि कड्यांची तर रांग होती. घासणीनं दहा मिनिटांत लख्ख! मी खूश. धक्क्यावर आमच्या शेजारी एका कोळ्याची मासेमारीची होडी असायची. माझ्याच वयाचा असेल. नारळी पौर्णिमा होऊन गेल्यामुळे त्याचा धंदा सुरू झाला होता, पण रविवारी तो जाळं दुरुस्त करत बसायचा आणि माझ्याकडे फुकटचा तमाशा म्हणून बघायचा.

"काय दादा, भांडी घासाला आलास? घरान बायको हाय ना?"

"आहे. तिनंच पाठवलंय."

"मंग बरोबर हाय."

पुढच्या रविवारी गेलो, तर घासलेल्या प्रत्येक कडीवर बारीक तपकिरी ठिपके उठले होते. अंगावर गोवर उठावा तसे. आधी निदान गंज एका जागी तरी होता, आता मी तो सगळीकडे समान वाटला होता. घासणीचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि तेच आधी गंजतात, हे सासऱ्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. म्हणजे त्यांनी आधी विचारलं, "घासणी लावलीत?" मी म्हटलं, "थोडीशी." ते म्हणाले, "थोडीशी म्हणजे सगळीकडे." मग समजावलं. बायकोनं आतून भर घातली, "घरी कधी चमचा विसळला नाही, आणि बाहेर जाऊन माझी घासणी संपवली!"

म्हणून लिंबं. किरकोळीत पंधरावीस लिंबं घेणं मला कमीपणाचं वाटलं. एपीएमसी मार्केट हाकेच्या अंतरावर असताना माणसानं नाक्यावर लिंबं का घ्यावीत? तिथे गेल्यावर कळलं की त्या गाळ्यांवर लिंबू एकटं मिळत नाही, गोणीनं मिळतं. गोणी उचलायला आलेला माथाडी बोलण्यावरून आमच्याकडचाच निघाला.

"काय पावनं, सरबताची गाडी टाकली व्हय?"

"नाही हो. होडी घासायचीय."

त्यानं गोणी परत खाली ठेवली. "व्हडी? आता सातारची मानसं व्हड्या घासाय लागली?" आणि शेजारच्या गाळ्यापर्यंत ही बातमी ओरडून पोचवली.

गोणी सासऱ्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत ठेवली, कारण धक्का तिथून जवळ. पाण्याचे कॅनही तिथूनच भरायचे. सोसायटीच्या खालच्या नळावर दोन कॅन भरून, स्कूटरवर पायांच्या मध्ये धरून, गुडघे बाहेर काढून मी धक्क्यावर जायचो. वॉचमन मला सलाम करायचा थांबला, तो याच काळात.

लिंबानं काम खरंच होत होतं. रस लावून थोडा वेळ ठेवला की तपकिरी डाग सैल व्हायचा, फडक्याला लागायचा आणि खालून राखाडी, शांत असं स्टील वर यायचं. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. समोर खाडी भरत असायची किंवा उतरत असायची. पलीकडे तिवरांवर बगळे. संध्याकाळी मी सासऱ्यांना हकीकत सांगायचो, आणि ते खुर्चीत पुढे झुकून ऐकायचे.

"डावीकडची तार? वरपर्यंत?"

"हात पोचला तिथपर्यंत."

"पाणी किती आलं होतं?"

"फाळांपर्यंत असेल."

"आज पंचमी. पावणेचारला भरती. बरोबर." तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हे गणित ते खुर्चीत बसून रोज करायचे. त्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी तेवढी दिसायची. पण त्यांना पाणी कुठे असेल ते ठाऊक असायचं. कधीकधी जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "आता उठली असेल ती." सासूबाई म्हणायच्या, "ती उठली, तुम्ही जेवा."

एका रविवारी गॅलरीत गेलो, तर गोणी रिकामी. स्वयंपाकघरात मात्र बरण्यांची पलटण उभी.

"लोणचं घातलं नागपूरसाठी," सासूबाई म्हणाल्या.

"तिकडे लिंबं मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण ती तिकडची." त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहिला आणि एक बाटली हातात दिली. आत दाट लालजांभळा रस. "आगळ आहे. तुम्हाला आंबटाशी मतलब ना? देवाची तांब्यापितळेची भांडी मी यानंच उजळते. वर चिमूटभर मीठ टाका, बघा कशी चमकतात."

आता, कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून मुरवलेला रस. सातारकराला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ते कोकमाचं सरबत, साखर घालायचं राहिलेलं, असं वाटलं. तेव्हा मी त्या खारट रसात चिमूट कसली, मूठभर मीठ घातलं. सासऱ्यांना विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ते आतल्या खोलीत झोपले होते, आणि झोपलेल्या सासऱ्यांना मिठाविषयी उठवणं बरं दिसत नाही.

काय सांगू तुम्हाला ती चमक! लिंबानं स्टील शांत झालं होतं, आगळानं ते हसायला लागलं. कड्या, पेच, पट्ट्या, तार जिथे पेचात शिरते ती मान, सगळं झगझगीत. शेजारचा कोळीसुद्धा जाळं ठेवून बघायला आला. मग वास घेऊन म्हणाला, "दादा, ही होरी हाय का सोलकढीचं भांडं?"

धुवायची वेळ आली तेव्हा गोडं पाणी संपलं होतं. परत स्कूटर, परत नळ, परत वॉचमनचे डोळे. आणि इथे समोर अख्खी खाडी फुकट वाहत होती. बादली दोरीला बांधून सोडली आणि तिच्याच पाण्यानं सगळं धुऊन काढलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी तारा कदाचित वाचल्या असत्या. पण मला ती चमक टिकवायची होती. ज्यांनी नव्वदीची ती वर्षं आमच्यासारख्या नव्या वसाहतीत काढली, त्यांना आठवत असेल, तो काळ प्लॅस्टिकच्या कव्हरचा होता. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून ठेवलेला असायचा आणि बटणं बाहेरूनच दाबायची. सोफ्याचं कव्हर पाहुण्यांच्या मांड्यांना चिकटायचं, पण निघायचं नाही. आमच्या एका शेजाऱ्यांनी फ्रिज बदलला, तेव्हा जुन्याच्या दारावरचं मूळ प्लॅस्टिक पहिल्यांदाच काढलं आणि म्हणाले, 'बघा, अजून नवाच आहे.' वस्तू चांगली राहावी म्हणजे तिला हवा लागू देऊ नये, अशी आमची श्रद्धा. मी घरातल्या झाडून सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन गेलो, प्रत्येक कडीला, प्रत्येक पेचाला, तारेच्या प्रत्येक मानेला पिशवी गुंडाळली आणि वर चिकटपट्टीचे घट्ट वेढे दिले. ओल्यावरच. वाळेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता?

"झालं बाबा," मी संध्याकाळी म्हणालो. "तोंड दिसतं त्यात."

"कुणाचं?"

"माझं."

"मग परत घासा," ते म्हणाले, पण खुशीत होते. त्या दिवशी त्यांनी शीड ठेवलेली पिशवी माळ्यावरून काढून घेतली आणि शीड सगळ्या हॉलभर पसरलं. सासूबाईंना स्वयंपाकघरात जायला वाट राहिली नाही. ते प्लास्टरचा पाय पसरून जमिनीवर बसले आणि शिवण बोटांनी चाचपत राहिले. एकेका फाटक्या जागेचं त्यांच्याकडे कारण होतं. इथे मोरा बंदराजवळ वारा फिरला होता. इथे घारापुरीच्या मागे, भर दुपारी, एकाएकी जोराची झुळूक आली होती. मी ऐकत होतो आणि मला, ज्याला नळाखालची बादलीसुद्धा खोल वाटते त्याला, जावंसं वाटायला लागलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, काठी घेऊन चालत होते. पहिल्यांदा कुठे जायचं तर धक्क्यावर. मी रिक्षा केली. वाटेत रिक्षावाल्याला ते दोनदा म्हणाले, "जरा लवकर."

होडीशी पोचल्यावर त्यांनी काठीनं एक पिशवी टोचून पाहिली. मग म्हणाले, "हे काय बांधलंय?"

"कव्हर," मी म्हणालो. उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यासारखा मी पुढे झालो आणि पहिली चिकटपट्टी सोडली. पिशवीतून तपकिरी पाण्याचा ओघळ आला. माझ्या पांढऱ्या पायजम्यावर.

दुसरी सोडली. तिसरी. सगळीकडे तेच. कड्यांवर नुसता डाग नव्हता, टोचा मारून काढावीत तशी बारीक भोकं पडली होती. शेवटी ते स्वतः पुढे आले. डोलकाठीला डावीकडून धरणाऱ्या मुख्य तारेच्या मानेवरची पिशवी त्यांनी हळूच सोडली, पीळ अंगठ्यानं दाबला, आणि एक बारीक तार तटकन तुटून बाहेर आली. मग दुसरी. त्यांनी हात मागे घेतला.

"कशानं धुतलंत?"

मी सांगितलं. आगळ सांगितलं, मीठ सांगितलं, खाडीचं पाणी सांगितलं, रिमोट सांगितला. सांगता सांगता माझ्याच लक्षात येत गेलं, आणि शेवटची वाक्यं मी चपलेकडे बघून म्हटली.

"दादा, तू तं तिला रेनकोट घातलास," शेजारचा कोळी म्हणाला. मग सासऱ्यांकडे बघून परत जाळ्याकडे वळला.

सासरे चिडले असते तर बरं झालं असतं. ते बोटावरचा तपकिरी डाग बघत होते. "स्टीलला हवा लागते," म्हणाले. "हवेनंच ते स्वतःला राखतं. मीठ चोळून तोंड बांधलंत, तर ते काय करणार?" आणि मग, "अर्थात ती तार जुनीच होती. आतून कधीची गेली असेल. मीही बरीच वर्षं वरवरच बघत होतो."

हे ते माझ्यासाठी म्हणाले, की खरंच तसं होतं, मला अजून कळलेलं नाही.

नव्या तारा मिळणार होत्या, पण त्यांची टोकं मशीननं दाबून आणावी लागतात. मुंबईतल्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, माल बाहेरून येतो, दोन-तीन महिने धरा. नागपूरची रिझर्वेशनं भाऊबीजेनंतरची होती. मी मेहुण्यांना फोन करून तारीख पुढे ढकलायचं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "होडीसाठी?" आणि मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी कोळी आणि मी मिळून डोलकाठी खाली उतरवली आणि होडीवर आडवी बांधली. सासरे धक्क्यावर स्टुलावर बसून सांगत होते, "हळू. हळू. तिला लागेल."

मला वाटलं, आता ते येणार नाहीत. पण पुढच्या रविवारीही आले. स्टूल, लिंबं आणि गोड्या पाण्याचे कॅन घेऊन. कॅन अर्थात मीच आणले.

"बाबा, आता कशाला? ती तर जाणार नाही."

"मग घरी बसून काय करू? बोचकी बांधू?" त्यांनी एक कडी उचलून मला दिली, एक स्वतः घेतली. "बघ, असं धर. अंगठा आत." इतके दिवस ते मला अहोजाहो करायचे. त्या दिवशी ते सुटलं, कधी ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आम्ही घासत बसायचो. ज्या कड्या कामातून गेल्या होत्या त्याही ते घासायचे. मधूनच हात थांबायचा आणि नजर खाडीवरून दक्षिणेकडे जायची, जिकडे घारापुरी. धक्क्यावरून बेट दिसत नाही. ते तरी बघायचे.

दिवाळीच्या अमावास्येला उधाणाची भरती होती, दुपारी बाराच्या पुढे. घरात लक्ष्मीपूजनाची गडबड. सासरे सकाळीच म्हणाले, "ती आज उठेल. मी जाऊन बसतो." मला वाटलं, सासूबाई अडवतील. उलट आमच्याबरोबर निघाल्या, एका डब्यात चकल्या घेऊन. धक्क्यावर त्या पहिल्यांदाच येत होत्या.

कोळ्यानं आणि मी सासऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून होडीत बसवलं. मीही आत चढलो, पाण्यावर उठणाऱ्या होडीत आयुष्यात पहिल्यांदा, आणि बसायला मिळेल ती पहिली वस्तू घट्ट धरली. पाणी चिखलावरून चढत आलं, फाळांना लागलं, आणि मग एकदम पायाखालचं सगळं हलकं झालं. होडी तरंगली. पुढून आणि मागून दोर बांधलेले होते. सासऱ्यांनी मागचा सोडायला सांगितला, पुढचा तसाच ठेवला.

मग त्यांनी सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला. मला वाटलं, सवयीनं. पण भरतीचं पाणी होडीच्या अंगावरून जोरात चाललं होतं, आणि दांडा जरासा वळवला की होडी त्या बाजूला सरकत होती. दोर ताणून दूर जायची, परत यायची. ती बांधलेली होती आणि तरी त्यांचं ऐकत होती. ते तिला डावीकडे नेत, मग हलकेच उजवीकडे. चेहरा वर, जिथे शीड असायला हवं तिथे. मी बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "श्श."

"काका," धक्क्यावरून कोळी ओरडला. "दोर सोडू का? माझ्या होरीनं नेतो ना घारापुरीपर! इंजिन हाय!"

"ओढत न्यायला ती काय म्हैस आहे?" सासरे म्हणाले. पण ते लगेच म्हणाले नाहीत. आधी त्यांनी त्या दोराकडे पाहिलं, आणि मग कोळ्याच्या इंजिनाकडे. बराच वेळ. मी मनात म्हणत होतो, हो म्हणा, बाबा, हो म्हणा.

सासूबाई काठावर चकल्यांचा डबा धरून उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. पाणी उतरायला लागलं तेव्हासुद्धा नाही. होडी चिखलाला टेकली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच दांड्यावरचा हात काढला आणि पायजम्याला पुसला.

भाऊबीजेनंतर दोघं नागपूरला गेले. सासरे परत वाशीला आले नाहीत, आधी पायानं आणि मग छातीनं येऊ दिलं नाही. पण प्लॅटफॉर्मवर तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी खिडकीतून म्हणत होतो, "पुढच्या हिवाळ्यात या, तारा लावून ठेवतो." ते म्हणत होते, "उघड्या ठेव."

तारा आल्या. कोळ्यानं आणि मी काठी उभी केली. पोहायला मी वाशीच्या एका तलावात लहान मुलांच्या बॅचमध्ये शिकलो, ती कहाणी वेगळी आणि जास्त लाजिरवाणी आहे. पुढच्या हिवाळ्यात, सासरे येणार नाहीत हे नक्की झाल्यावर, मी आणि कोळी घारापुरीला वळसा घालून आलो. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून नागपूरला फोन लावला.

"वारा कुठला होता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"जाताना मागून. बहुतेक."

"बहुतेक? बरं. बेटाच्या मागे गेलास तेव्हा डावीकडे न्हावा शेव्याच्या क्रेनी दिसल्या?"

"दिसल्या. केवढ्या मोठ्या आहेत."

"मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे काही नव्हतं. नुसती झाडी. मग पाण्याचा रंग बदलतो, तो बघितलास?"

मी बघितला नव्हता. मी पूर्ण वेळ काठीच्या तारांच्या मानांकडे बघत होतो. पण म्हटलं, "हो. हिरवा होतो."

"हिरवा नाही, राखाडी. पण ठीक आहे." मग म्हणाले, "आता परतीचं सांग."

परतीचं सांगण्यासारखं नव्हतं. वाशीचा पूल समोर दिसत असताना मी ओहोटीत होडी चिखलावर चढवली होती आणि पाणी परत येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो. कोळ्याच्या गावचे लोक आपापल्या होड्यांतून जाताना त्याला विचारत होते, "काय रं, सासरवाडीला मुक्कामाला आलास काय?" आणि तो बिचारा तोंडावर टोपी ओढून झोपेचं सोंग घेत होता. मी हे सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ते हसायला लागले, खोकेपर्यंत हसले. मग फोन सासूबाईंनी घेतला.

"काय सांगितलंत हो यांना? डोळे पुसतायत."

"काही नाही आई, चिखलात रुतलो होतो."

"भरती बघून जायचं ना मग," त्या म्हणाल्या. मागून सासऱ्यांचा आवाज येत होता, जरा लांबून, घाईघाईनं: "त्याला विचार, परत कधी जाणार आहे. विचार त्याला."